खंडणी कुणाला दिली?

आमच्या पतसंस्थेत सोनेतारणाच्या काउंटरमागे मी चर्चचं कॅलेंडर टांगलेलं आहे. दर महिन्याच्या पानावर एक वचन असतं. मार्च महिन्याच्या पानावर मार्काच्या शुभवर्तमानातलं होतं: मनुष्याचा पुत्र (म्हणजे येशू) सेवा करून घ्यायला आला नाही, सेवा करायला आणि पुष्कळांच्या मुक्तीसाठी आपला जीव खंडणी म्हणून द्यायला आला. नागपूरच्या महाल भागातले एक नेहमीचे ग्राहक बायकोच्या पाटल्या ठेवायला आले होते. सराफकाका कसोटीवर सोनं घासत होते, तेवढ्यात त्या ग्राहकांनी ते पान वाचून काढलं आणि मला म्हणाले, "काय ताई, तुमच्या चर्चमधीबी खंडणी चालते काय?"

सगळेच हसले. मग पाटल्यांच्या वजनाकडे बघत बघत ते पुन्हा म्हणाले, "बरं, पण मंग देल्ली कोनाले?"

त्यांनी गमतीत विचारलं खरं, पण हा प्रश्न सोळाशे वर्षं जुना आहे आणि त्यानं मोठमोठ्या धर्मपंडितांना घाम फोडलेला आहे. ख्रिस्ती माणसाला "तुमच्या श्रद्धेचा गाभा काय" असं विचारलं तर तो म्हणेल, "येशू आमच्या पापांसाठी मेला." चार शब्द. एकाच्या मरणानं दुसऱ्याचं पाप कसं जातं, असं पुढे विचारलं की बहुतेक जण वचनं पाठ म्हणायला लागतात. मीही तेच करत होते. त्या दिवसानंतर मात्र नीट वाचायला बसले. जे कळलं ते इथे लिहिते आहे. मी काही धर्मशास्त्राची पदवी घेतलेली नाही, पण रोज गहाणवटीचे कागद हाताळते, आणि त्याचा इथे बराच उपयोग होतो.

आधी शब्दाचं बघू. नागपुरात खंडणी म्हटली की दोन गोष्टी आठवतात. एक म्हणजे पेपरातली गुन्हेगारीची बातमी. दुसरी भोसल्यांची. रघूजी भोसल्यांनी बंगालवर स्वाऱ्या केल्या आणि 1751 च्या तहात नबाब अलिवर्दीखानानं वर्षाला बारा लाख रुपये चौथाई कबूल केली. दोन्हीकडे बळजबरी आहे. शुभवर्तमानातल्या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ मात्र वेगळ्या बाजूचा आहे. गुलामाला किंवा युद्धकैद्याला सोडवून आणायला जी रक्कम मोजतात, ती. घेणाऱ्याच्या दंडेलीपेक्षा सुटणाऱ्याच्या सुटकेवर त्याचा भर आहे. आमच्या काउंटरवर लोक म्हणतात, "दागिना सोडवायला आलो," त्यातलं हे सोडवणं.

आणि आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांचा सगळ्यात लाडका शब्द तर आमच्या पावतीवरच छापलेला असतो: तारण. चर्चमध्ये तारण म्हणजे पापातून सुटका, पतसंस्थेत तारण म्हणजे कर्जापोटी ठेवलेली वस्तू. भाषेचा योगायोग असेल, मला त्याची गंमत वाटते.

आता बळीकडे. इथे मराठी माणसाचा हमखास गोंधळ होतो. बळी म्हटला की डोळ्यांपुढे रागावलेली देवता येते, तिला शांत करायला कापलेला बोकड येतो, आणि नवस येतो. ख्रिस्ती श्रद्धा ज्या यहुदी परंपरेतून उगवली, तिथे चित्र जरा निराळं होतं. बायबलमधल्या लेवीय नावाच्या पुस्तकाच्या पहिल्या सात अध्यायांत पाच प्रकारची अर्पणं सांगितली आहेत: होमार्पण, अन्नार्पण, शांत्यर्पण, पापार्पण आणि दोषार्पण. यातली सगळी पापासाठी नाहीत. शांत्यर्पणात तर अर्पण करणारा आणि त्याचे घरचे ते मांस मिळून खात. एक प्रकारची पंगतच. दोषार्पणाच्या काही प्रकारांत आधी नुकसानभरपाई करायची, म्हणजे ज्याचं घेतलं त्याचं मूळ परत द्यायचं, वर पाचवा हिस्सा आणखी द्यायचा, आणि मग वेदीकडे यायचं. वीस टक्के! आमच्या व्याजापेक्षा जास्त. आधी शेजाऱ्याचा हिशेब चुकता कर, मग देवाकडे ये, असा तो क्रम आहे.

रक्ताचं काय? तिथे कारण दिलेलं आहे: शरीराचा जीव रक्तात असतो. रक्त म्हणजे जीव, आणि जीव देवाच्या मालकीचा. म्हणूनच त्या लोकांना रक्त खायची बंदी होती. वेदीवर रक्त लावायचं म्हणजे एक जीव देवाच्या पुढ्यात ठेवायचा. जनावराला किती यातना झाल्या याला त्या विधीत काहीच महत्त्व नाही, त्याचा उल्लेखसुद्धा नाही. आमच्याकडच्या काही प्रवचनांतून चाबकाचे फटके मोजून मोजून सांगितले जातात, जणू जितका छळ जास्त तितकी क्षमा पक्की. मूळ ग्रंथ हाताशी धरला तर त्याला आधार नाही, असं माझं मत आहे.

वर्षातला एक दिवस मात्र सगळ्यांत वेगळा. यहुदी पंचांगातल्या सातव्या महिन्याची दहावी तारीख, योम किप्पूर, प्रायश्चित्ताचा दिवस. आपल्या कोकणातले बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे यहुदी, या दिवसाला दारं लावून घेण्याचा सण अशा अर्थाच्या मराठी नावानं ओळखत आले. जेरुसलेमचं मंदिर उभं होतं तेव्हा या दिवशी दोन बकरे आणत आणि त्यांच्यावर चिठ्ठ्या टाकत. एकाचं रक्त घेऊन महायाजक पडद्याआड परमपवित्र स्थानात जाई. तिथे फक्त त्यानंच जायचं, आणि तेही या एका दिवशीच. दुसऱ्या बकऱ्याचा वेदीवर बळी देत नसत. महायाजक त्याच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवून सगळ्या लोकांचे अपराध बोलून दाखवी, आणि मग त्याला रानात, अजाजेल नावाच्या (बहुधा रानातल्या दुष्टात्म्याच्या) वाट्याला, सोडून देत. तो ते ओझं निर्जन प्रदेशात घेऊन जाई.

हे वाचताना नागपूरकराला काय आठवेल ते सांगायला नको. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारीच्या गल्ल्यांतून काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे मोठाले पुतळे, निघतात. पोरंसोरं, ढोलताशे, आणि सगळ्यांच्या तोंडी एकच आरोळी: इडा पिडा घेऊन जा गे मारबत! मी लहानपणी बाबांच्या खांद्यावर बसून ती मिरवणूक बघितली आहे. मारबत जवळ आली की बाया आपल्या लेकरांना पुढे करायच्या. गावाचं वाईट एका आकृतीवर लादायचं आणि तिला गावाबाहेर नेऊन जाळायचं. माणसाच्या मनाची ही गरज जगभर सारखीच दिसते.

फरकही आहे, आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. मारबतीबरोबर बडगे नावाचे पुतळे निघतात, त्यांच्या गळ्यातल्या पाट्यांवर महागाई, भ्रष्टाचार, अमका पुढारी असं लिहिलेलं असतं. म्हणजे दुसऱ्यांची पापं. त्यात मजाही येते, आणि ती का येऊ नये? लेवीयातल्या बकऱ्यावर मात्र हात ठेवणारा माणूस "आमचे अपराध" म्हणतो. तिथे पाटीवर स्वतःचं नाव आहे.

इसवी सन 70 मध्ये रोमन सैन्यानं जेरुसलेमचं मंदिर पाडलं आणि बळी थांबले. यहुदी धर्मानं उपवास, प्रार्थना आणि पश्चात्ताप यांच्यावर तो दिवस उभा केला. ख्रिस्ती लोक त्याच्याही आधीपासून वेगळं म्हणायला लागले होते. येशू साधारण इसवी सन 30 च्या सुमारास, वल्हांडण सणाच्या दिवसांत, रोमन सुभेदार पंतय पिलाताच्या हुकमानं वधस्तंभावर मारला गेला. वल्हांडण म्हणजे मिसरच्या गुलामगिरीतून सुटल्याची आठवण: दाराच्या चौकटीला कोकराचं रक्त लावलं आणि मरण त्या घराला ओलांडून गेलं. तो कोकरा पापार्पण नव्हता, सुटकेची खूण होता. पण येशूचं मरण समजून घेताना पहिल्या ख्रिस्ती लोकांनी वल्हांडणाचा कोकरा, प्रायश्चित्ताच्या दिवसाचं रक्त आणि यशया संदेष्ट्याच्या 53 व्या अध्यायातला दुसऱ्यांच्या व्यथा वाहणारा सेवक, हे सगळं एकत्र विणलं. म्हणूनच योहान बाप्तिस्मा करणारा येशूकडे बोट दाखवून म्हणतो, हा पाहा, जगाचं पाप हरण करणारा देवाचा कोकरा.

बायबलमधलं इब्री लोकांस लिहिलेलं पत्र याहून पुढे जातं. बैलांचं आणि बकऱ्यांचं रक्त पाप दूर करू शकत नाही, असं ते रोखठोक सांगतं. बकरे दर वर्षी लागत होते, यावरूनच दिसतं की काम पुरं होत नव्हतं. आता येशू या महायाजकानं दुसऱ्याचं रक्त आणलं नाही, स्वतःलाच आणलं, एकदाच, कायमचं. विधी करणारा तोच आणि अर्पणही तोच.

बरं, मग दिली कोणाला?

चौथ्या शतकात, आजच्या तुर्कस्तानातल्या कप्पदुकिया प्रांतात, ग्रेगरी नावाचे दोन बिशप होऊन गेले. एक निसाचा, दुसरा नाझियान्झसचा, चांगले मित्र. निसाचा ग्रेगरी म्हणाला, सैतानाला. माणूस आपखुशीनं त्याच्या ताब्यात गेला होता, तेव्हा सोडवताना व्यवहार सरळ हवा. सैतानानं येशूला साधा माणूस समजून गिळलं, आणि आमिषाखालचा दैवी गळ त्याच्या घशात अडकला. गोष्ट झकास आहे. दुसरा ग्रेगरी वैतागला. दरोडेखोराला मोबदला, आणि तोही देवानं द्यायचा? आणि पित्याला दिली म्हणावं, तर पित्यानं आपल्याला कधी ओलीस धरलं होतं? त्यानं प्रश्नच मोडीत काढला. महालातल्या आमच्या ग्राहकाला हा दुसरा ग्रेगरी आवडला असता.

1098 मध्ये कँटरबरीचा आर्चबिशप अन्सेल्म यानं वेगळी मांडणी पुरी केली. सैतानाचं काही देणं लागत नाही, तो म्हणाला, देणं देवाचं आहे. त्याचा काळ सरदार-जहागीरदारांचा. अपमान कुणाचा झाला यावर भरपाई ठरायची. गड्याला शिवी देणं वेगळं, राजाला देणं वेगळं. देवाच्या मानाची हानी अमर्याद, म्हणून भरपाईही अमर्याद हवी. देणं माणसाचं आणि फेडायची ऐपत फक्त देवाची, तेव्हा फेडणारा देवही हवा आणि माणूसही. तर्क घट्ट आहे, पण त्यातला देव मला फार दरबारी वाटतो. पुढच्याच पिढीत पॅरिसच्या आबेलारनं या सगळ्या हिशेबाला हरकत घेतली. वधस्तंभावर देवाचं प्रेम इतकं उघडं पडतं की बघणाऱ्याचं मन पालटतं, आणि ते पालटणं हीच सुटका, असं त्याचं म्हणणं.

सोळाव्या शतकात प्रोटेस्टंट धर्मसुधारक कॅल्विन आला. तो कायदा शिकलेला होता आणि ते त्याच्या लिखाणात दिसतं: आरोपी, न्यायाधीश, शिक्षा, आणि आरोपीच्या जागी उभा राहिलेला निर्दोष. नागपूरच्या कुठल्याही प्रोटेस्टंट चर्चमध्ये ऐकू येणारी मांडणी बहुधा हीच असते. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चला कोर्टापेक्षा दवाखाना जवळचा: पाप हा आजार, ख्रिस्त मरणात शिरून मरणालाच हरवतो. 1930 च्या सुमारास स्वीडनच्या गुस्ताफ औलेन यानं या विजयाच्या चित्राची पश्चिमेला पुन्हा आठवण करून दिली.

इतक्या मांडण्या, आणि यातली एकही कुठल्याही सार्वत्रिक धर्मसभेनं "हीच खरी" म्हणून ठरवलेली नाही. निकियाच्या मतांगीकारात, म्हणजे चर्चमध्ये म्हटल्या जाणाऱ्या श्रद्धेच्या जुन्या कबुलीत, एवढंच आहे की तो आम्हा मानवांकरिता आणि आमच्या तारणाकरिता आला, आणि आमच्याकरिता वधस्तंभी दिला गेला. "करिता" हा शब्द पक्का. "कसं" ते मोकळं ठेवलेलं.

आता खरी अडचण. माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारी मैत्रीण बौद्ध. तिचे आजोबा 14 ऑक्टोबर 1956 ला दीक्षाभूमीवर होते. तिनं हे सगळं ऐकून घेतलं आणि डबा बंद करता करता म्हणाली, "ज्यानं केलं त्यानं भोगावं. निरपराध माणसाला लटकवून गुन्हेगार सोडायचा, हा कुठला न्याय गं?"

तिला वाटलं मला राग येईल. पण बायबल तिच्याच बाजूनं बोलतं. यहेज्केल संदेष्टा 18 व्या अध्यायात म्हणतो की जो पाप करील तोच मरेल, मुलगा बापाच्या अपराधाचा भार वाहणार नाही. सोळाव्या शतकातल्या इटलीच्या फाउस्तुस सोचिनीनंही हाच मुद्दा धरला होता: पैशाचं कर्ज दुसऱ्याला फेडता येतं, दोष दुसऱ्याच्या खात्यावर टाकता येत नाही. याला उडवून लावणारं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. पण प्रश्न कुठे वेगळा होतो ते दाखवता येईल.

मागच्या दिवाळीआधी एक बाई आल्या होत्या, काटोलकडच्या. पेरणीच्या वेळी ठेवलेला गोफ, मुदत टळून गेलेली, कापूस हातचा गेलेला. सोबत धाकटा भाऊ. त्यानं खिशातून रबर लावलेल्या नोटा काढल्या, थुंकी लावून मोजल्या, काउंटरवर ठेवल्या. सही बाईंची, कारण खातं त्यांचं. मी लाखेचं सील तोडलं, पाकिटातून गोफ काढला, पुन्हा वजन करून दाखवलं. त्या काही बोलल्या नाहीत. गोफ पदरात बांधून बाकावर नुसत्या बसून राहिल्या. भाऊ म्हणाला, "चाल न बाई, एसटी सुटते."

कर्ज हवेत विरलं नव्हतं. ते भावाच्या खिशातून गेलं होतं. प्राचीन इस्राएलात यासाठी रीतच होती: गरिबीमुळे कुणाची जमीन गेली, किंवा माणूस स्वतःच विकला गेला, तर जवळच्या नातेवाइकानं मोल भरून सोडवायचं. त्या नातेवाइकाचं नाव "सोडवणारा", आणि बायबलमध्ये तोच शब्द देवालाही लावलेला आहे. माफी देणारी कोणतीही व्यक्ती थोडंफार हेच करते. उसने पैसे बुडवणाऱ्याला तुम्ही माफ केलंत तर ते पैसे तुमचेच गेले. कुणी तुमची बदनामी केली आणि तुम्ही उलट काही केलं नाहीत, तर तो घाव तुमच्याच अंगावर राहिला.

ख्रिस्ती श्रद्धेचं म्हणणं असं, की वधस्तंभावर देवानं कुठल्या तिऱ्हाईताला पकडून शिक्षा दिली नाही. पिता आणि पुत्र हे वेगवेगळे दोन देव नाहीत. रागावलेला बाप आणि मध्ये पडलेला गरीब मुलगा, असं चित्र कुणी रंगवत असेल तर ते ख्रिस्ती शिकवणीचंच उल्लंघन आहे, मग ते व्यासपीठावरून का होईना. प्रेषित पौल करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना लिहितो की ख्रिस्ताच्या ठायी देव जगाचा स्वतःशी समेट करत होता. वाक्याचा कर्ता बघा. समेट करणारा देव, आणि ज्याचा अपराध झाला तोही देवच. घाव त्यानं आपल्यावर ठेवून घेतला.

म्हणून "प्रायश्चित्त" हा शब्द मराठीत वापरताना मला नेहमी थोडं अवघडतं. आपल्याकडे प्रायश्चित्त घेतो तो अपराधी: उपास, चांद्रायण, दान. इथे दिशा उलटी आहे. मराठी बायबलला दुसरा शब्द मिळाला नसेल, किंवा मुद्दाम हाच ठेवला असेल. वाचताना मात्र तो उलटा करून वाचावा लागतो.

मैत्रिणीचं समाधान झालं का? नाही. "सोसणं कळलं," ती म्हणाली, "पण मग करणाऱ्यानं काय करायचं?" तो दोषार्पणातला पाचवा हिस्सा मला तेव्हा आठवला. जक्कय नावाचा जकातदार येशूला भेटल्यावर चौपट परत द्यायला निघतो, तेही सांगितलं. ती म्हणाली, "हे बरं आहे."

सगळे याच दारानं आत येतात असंही नाही. मराठी ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांना नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका परदेशी माणसानं नव्या कराराची प्रत दिली. त्यांना धरून ठेवलं ते येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनानं, बळीच्या कोड्यानं नाही.

चर्चांतही यावरून फाटे आहेतच. कॅथलिक शिकवणीप्रमाणे मिस्साबलिदानात, म्हणजे भाकर आणि द्राक्षारसाच्या उपासनेत, वधस्तंभावरचाच एकमेव यज्ञ रक्ताविना पुन्हा समोर ठेवला जातो. त्रेंतच्या धर्मसभेनं 1562 मध्ये तसं ठरवलं. प्रोटेस्टंट म्हणतात, झालं ते एकदाच, प्रभुभोजन ही त्याची आठवण आणि सहभाग. नागपूरच्या सदर भागात दोघांचीही कॅथीड्रल, म्हणजे बिशपची मुख्य चर्चं, आहेत. त्यातल्या ऑल सेंट्समध्ये 29 नोव्हेंबर 1970 ला वेगवेगळ्या प्रोटेस्टंट पंथांनी एकत्र येऊन उत्तर भारताची चर्च स्थापन केली. बाप्तिस्म्यापासून बिशपांपर्यंत कशाकशावर त्यांची मतं वेगळी होती. वधस्तंभाचं नेमकं गणित एकसारखं करून घ्यायला मात्र ते थांबले नाहीत.

एक गोष्ट राहिली. लेवीयाच्या पाचव्या अध्यायात पापार्पणासाठी मेंढी सांगितली आहे. ऐपत नसेल तर दोन होले किंवा पारव्याची दोन पिल्लं. तीही परवडत नसतील तर एफाचा दहावा भाग सपीठ, म्हणजे साधारण दोन लिटरचं माप. त्यावर तेल नाही, धूप नाही. याजकानं त्यातलं मूठभर वेदीवर टाकायचं, आणि त्या माणसाला क्षमा होते. रक्ताचा थेंब नाही. इब्री लोकांस पत्र लिहिणारा जेव्हा म्हणतो की नियमशास्त्राप्रमाणे सगळं रक्तानं शुद्ध होतं, तेव्हा त्याआधी तो "बहुतेक" असा शब्द घालतो. मला वाटतं ते पीठवाले त्याला आठवत असावेत.

महालातले ते ग्राहक जूनमध्ये पाटल्या सोडवायला आले, तेव्हा मी त्यांना दोन्ही ग्रेगरी सांगितले. गळाची गोष्ट त्यांना फार आवडली. पिठाची सांगितली तर पावती घडी करता करता थांबले आणि म्हणाले, "मूठभरच घेत होते? बाकीचं?"

बाकीचं याजकाचं, मी म्हटलं.

"हां," ते म्हणाले, "म्हनजे त्याच्याबी घरी पोळ्या झाल्या."